तुमचा बिननावाचा पेशंट

अण्णा, तुमच्या तेराव्याला मी आले, जेवले, फोटोला फुलं वाहिली. पण खरं सांगायचं तर मी दुःख करायला आलेच नव्हते. मी बघायला आले होते. कोण माझ्याकडे कसं बघतंय, कोण नजर चुकवतंय, कोण उगाच गोड बोलतंय. शिवण्णा पंगतीत माझ्यापासून लांब जाऊन बसला, ते मी टिपलं. नागश्री गळ्यात पडून रडली, तेही टिपलं. जरा जास्तच रडली असं वाटलं. आणि तुमच्यामागे एकट्या पडलेल्या वहिनींनी माझा हात धरून हळूच विचारलं, "श्रीकांत जेवले का नीट?" अंगणात एवढी माणसं असताना त्यांना माझ्याच नवऱ्याच्या जेवणाची काळजी का, हे मनात घेऊनच मी घरी आले.

तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "काय अम्मा, आज कुणावर संशय?" तर ऐका. आज तुमच्यावर.

तुम्ही गेलात त्याच आठवड्यात एका सकाळी श्रीकांत चहा तसाच ठेवून म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस." मग त्याने सांगितलं. हूटगळ्ळीच्या ऑफिसात रात्रीचे कॉल सुरू झाले तेव्हापासून तो झोपेच्या गोळ्या घेत होता. आधी कधीतरी, मग रोज, मग एकीने भागेना. गेली दोनेक वर्षं तुम्ही त्याच्या गोळ्या हळूहळू उतरवत आणल्या होत्या. आता अगदी थोडक्यावर आलं होतं. पण पाकिटात दोन-तीन आठवड्यांपुरत्याच गोळ्या उरल्या, तुमच्या चिठ्ठीशिवाय दुकानात शिवण्णा देईना, आणि चिठ्ठी लिहायला तुम्ही उरला नव्हतात. "एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, असं अण्णा म्हणाले होते," तो मला समजावून सांगत होता. मला! लोकांची व्यसनं सोडवण्यावर जिचं पोट चालतं, त्या बाईला.

कुठलीही शहाणी बायको आधी रडली असती, नाहीतर चिडली असती. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? कुणाकुणाला माहीत होतं?

आपली बैठक सुरू झाली ते आठवतंय ना? तुम्ही एका दुपारी माझ्या हॉस्पिटलात आलात, हातात ती दवाखान्याची जुनी बॅग. मी तुम्हाला ओळखतही नव्हते. कुणीतरी औषध कंपनीचं असेल म्हणून बाहेर बसवून ठेवलं. तुम्ही आत आल्यावर मराठीत बोललात आणि मला हसू आवरेना. चार पिढ्या म्हैसुरात काढलेलं ते तुमचं मराठी, निम्मं कन्नड. मी सांगलीची. तुम्ही म्हणालात, "तुमचं मराठी ऐकलं की आमाला परीक्षेला बसल्यासारखं होते बघा." मग कामाचं बोललात. हूटगळ्ळीच्या कारखान्यातला एक कामगार दाताच्या नावाखाली नागश्रीकडून दुखण्याच्या गोळ्या घेतो, पाठीच्या नावाखाली तुमच्याकडून, अडलं तर शिवण्णाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय, आणि आता त्या सुटत नाहीत म्हणून माझ्याकडे येतो. "अम्मा, त्यानं आपल्या सगळ्यांना बघितलंय. आपणच एकमेकांना बघितलेलं नाही. यन माडोदु, काय करायचं?"

मी म्हटलं, सत्कार असल्याशिवाय डॉक्टर लोक एका खोलीत येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "नोडोणा. बघू या तरी." आणि आणलंत खरं सगळ्यांना. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी, बोगादीच्या तुमच्या दवाखान्यात, पेशंटांची बाकं गोलात ओढून. औषधवाला शिवण्णा, गोकुलमची दंतवैद्य नागश्री, सरकारी आरोग्य केंद्रातल्या जयम्मा सिस्टर, तुम्ही आणि मी. मध्ये वहिनींची कॉफी आणि कागदात बांधलेली भेळेसारखी चुरमुरी. पहिले कितीतरी महिने आपण फक्त एकमेकांकडे संशयाने बघत होतो. शिवण्णाला वाटायचं, डॉक्टर वाट्टेल ते लिहितात आणि छापा पडतो त्याच्यावर. नागश्रीला वाटायचं, शिवण्णा चोर. जयम्माला आपण सगळेच खाजगी लोक म्हणून नालायक. आणि मला कुणाचंच काही खरं वाटायचं नाही. माझ्या धंद्यात माणूस "सोडली हो मॅडम" म्हणाला की मी आधी लघवीची तपासणी लिहिते.

बैठक कन्नडात चालायची, त्यामुळे माझ्या शंका मी तुमच्या कानाशी मराठीत सांगायचे. शिवण्णा समोर बसलेला असताना म्हणायचे, "हा आज काहीतरी लपवतोय." आणि तुम्ही लबाड, मुद्दाम मोठ्याने कन्नडात उत्तर द्यायचात, म्हणजे मी काय विचारलं ते सगळ्यांना कळावं. शिवण्णा हसायचा. त्यातूनच आपली मैत्री जमली असावी.

नाव न घेण्याचा नियम तुमचा. पहिल्याच बैठकीत तुम्ही सांगितलंत, पेशंटचं नाव इथे यायचं नाही. गाव बदला, वय बदला, धंदा बदला, दुखणं तेवढं खरं ठेवा. मला तो नियम फार आवडला होता. आता मात्र त्याचाच वास येऊ लागला. कुणाला झाकायला केलात हा नियम? मी श्रीकांतला खोदखोदून विचारलं, तो पहिल्यांदा तुमच्याकडे कधी आला, आणि मनाशी जुळवून पाहिलं. जुळत नाही. नियम आधीचा, श्रीकांत नंतरचा. तेवढ्या बाबतीत तुम्ही सुटलात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शिवण्णाच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभी राहिले. त्याने मला बघितलं आणि चेहरा पडला. म्हणाला, "मेडम, साहेब यायचे, गोळ्या मागायचे. मला वाटलं तुम्हीच पाठवताय. तुमच्या घरच्यांकडे मी चिठ्ठी मागायची? कसं दिसलं असतं ते?" आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, चिठ्ठी नाही तर गोळी नाही. शिवण्णाने तो नियम सगळ्या बोगादीला लावला. स्वतःच्या मेहुण्याला परत पाठवलं, त्यावरून घरात अबोला झाला. फक्त एका घराला त्याने सूट दिली, माझ्या, कारण ते मॅडमचं घर. कुणावर विश्वास ठेवू नकोस हे ज्या बाईने त्याला प्रत्येक बैठकीत ऐकवलं, तिच्यावर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला. मग गोळ्या वाढत गेल्या तेव्हा त्याला शंका आली. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो काउंटर पुसत राहिला. "तुम्हाला विचारायची भीती वाटते मेडम. अण्णांना सांगितलं."

म्हणून तुम्ही श्रीकांतला बोलावून घेतलंत. त्याने सांगितलं मला. रक्तदाब तपासायला या म्हणालात, दार लावलंत, आणि काही न विचारता म्हणालात, "झोप येते काय रे?" तो म्हणतो, त्या एका प्रश्नाला तो ढसाढसा रडला. लग्नाला एवढी वर्षं झाली, श्रीकांतला रडताना मी त्याच्या आई गेल्या तेव्हा एकदाच पाहिलं होतं.

आणि मग बैठकीत आली तुमची ती नंजनगूडच्या ब्यांकवाल्याची केस. दोन मुली, बायको शाळेत शिकवते. आमचा एकुलता एक मुलगा बंगळुरूला, त्यामुळे मला ओळखू येण्याचा प्रश्नच नव्हता. तुम्ही सगळं बदललं होतंत, फक्त दुखणं खरं. आठवून आठवून आता माझं डोकं दुखतं. तुम्ही सांगत होतात तेव्हा शिवण्णा कुठे बघत होता? माझ्याकडे की कॉफीकडे? जयम्मा एकदा मधेच उठून बाहेर गेल्या होत्या, का? आणि मी ऐटीत बोलत होते. मी म्हटलं होतं, बायकोला माहीत असणार. अशा बायकांना सगळं माहीत असतं, त्यांना ते सोयीचं असतं म्हणून बोलत नाहीत. तुम्ही "हौदा?" म्हणालात. असं का? मग म्हणालात, "नसेल हो माहीत. दमते बिचारी. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकायचं काम करते." माझी बाजू तुम्ही माझ्याशीच भांडून मांडत होतात, आणि मी तुम्हाला भाबडे म्हटलं.

किती विचारायचात त्या ब्यांकवाल्याबद्दल! गोळी उतरवली की घाम येतो, चिडचिड होते, काय करू? मी सांगायचे. घाई नको, थांबा, अमुक दिवस तसंच ठेवा. या दिवसांत घरच्यांनी त्याच्याशी वाद घालू नये, असंही सांगितलं, आणि घरी जाऊन गीझर बंद करायला विसरला म्हणून श्रीकांतशी कडाक्याचं भांडले. पुढच्या बैठकीत तुम्ही भोळा चेहरा करून विचारलंत, "आणि घरचे भांडले तर?" मी म्हटलं, "तर मूर्ख आहेत." तुम्ही इतके हसलात की कॉफी शर्टावर सांडली. मला तेव्हाही संशय आला होता की यात काहीतरी आहे. पण मला तर कशातही काहीतरी आहे असंच वाटतं, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

सगळ्यात मोठा संशय मात्र दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गेल्या दसऱ्याच्या आधीची बैठक. तुम्ही त्या दिवशी चुरमुरीला हात लावला नाहीत. म्हणालात, "त्या ब्यांकवाल्याच्या बायकोला सांगून टाकू काय? समोर येते, नमस्कार करते, माझ्या तब्येतीची चौकशी करते. मला लाज वाटते, अम्मा." नागश्री म्हणाली, सांगायलाच हवं, बायकोचा हक्क आहे. मी तिच्यावर तुटून पडले. पेशंट हो म्हणेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. त्याने तुमच्यापाशी तोंड उघडलंय, तुम्ही फितूर झालात तर तो पुन्हा कधीच कुणापाशी उघडणार नाही. बायकोला वाईट वाटेल, वाटू दे. ती काही आपली पेशंट नाही. नागश्री ऐकेना, मी आवाज चढवला. शेवटी तुम्ही म्हणालात, "सरी. तुमचं खरं." आणि तो विषय पुन्हा काढला नाहीत.

माझ्यापासून लपवायची परवानगी तुम्ही माझ्याकडूनच घेतलीत, अण्णा. हा डाव होता? की खरंच तुम्हाला कुणीतरी मोकळं करायला हवं होतं, आणि मी ते केलं नाही? या एका गोष्टीवर मी तुमच्याशी कडकडून भांडले असते. तुम्ही "बिडी अम्मा, सोडा हो" म्हणाला असतात, मी सोडलं नसतं, वहिनींनी आतून दोघांनाही गप्प केलं असतं. ते भांडण माझ्याकडे तसंच राहिलंय. एकटीने भांडताना तुमची वाक्यंही मलाच म्हणावी लागतात, आणि तुमच्या बाजूने मी नीट भांडत नाही.

मी श्रीकांतला विचारलं, माझ्याच पुढ्यात तुझी केस मांडतात हे तुला माहीत होतं? तो म्हणाला, "हो. अण्णांनी आधी मला विचारलं. मीच म्हटलं, तिलाच विचारा. त्यातलं तिच्याइतकं कळणारं माणूस मला दुसरं माहीत नाही." हे ऐकून मला रडू आलं. पण रडता रडता मी म्हटलं, मग मलाच का नाही रे सांगितलंस, मी तुझा हात धरला असता. तो म्हणाला, "नसतास धरला. तू खिसे तपासले असतेस." अगदी शांतपणे म्हणाला, रागाने नाही. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

गणपतीला तुम्ही आमच्याकडे जेवायला आला होतात. श्रीकांतने तुम्हाला आग्रह करकरून मोदक वाढले, तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत. तो मोदक वाढणारा हात आता मला सारखा दिसतो. त्यात थरथर होती का? मी समोर बसून काय करत होते? बहुधा तुमच्या साखरेवरून तुम्हाला रागावत होते.

या रविवारी बैठक झाली. नको म्हणत होते मी, पण वहिनींनी दवाखाना उघडून, बाकं ओढून ठेवली होती. तुमच्या जागेवर कुणी बसेना. कॉफी आली. मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "तो नंजनगूडचा ब्यांकवाला माझा नवरा आहे. इथे कुणाकुणाला माहीत होतं?"

शिवण्णाने मान खाली घातली. त्याचं मला ठाऊकच होतं. मी नागश्रीकडे बघितलं. तुम्हाला सांगते, माझी खात्री होती. ती रडली होती ना तशी. ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं माझा भाऊ." मला कळेना. तिचे डोळे भरून आले. "माझा भाऊ बँकेत आहे. त्याला दोन मुली आहेत. मला वाटलं अण्णा मलाच सांगतायत, नाव न घेता. म्हणून मी म्हणत होते बायकोला सांगा. मी घरी जाऊन भावाच्या बायकोला फोन केला. त्याचं तसं काही नव्हतं, उलट तो माझ्यावरच चिडला."

जयम्मा सिस्टर खिडकीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटलं आमचा जावई. म्हणून त्या दिवशी उठून बाहेर गेले." मग म्हणाल्या, "आणि आमचा जावई पितो. त्याच दिवशी मी मुलीला विचारलं, तेव्हा ती बोलली. आता येतो तो आमच्या केंद्रात." आणि मग शिवण्णा मान वर न करता बोलला, की साहेबांचं कळायच्या आधी त्यालाही वाटायचं, अण्णा प्रत्येक केस त्याच्या मेहुण्याचीच सांगतात.

एवढी वर्षं आपण गोलात बसलो, अण्णा, आणि तुम्ही गाव बदलून, धंदा बदलून काही सांगायला लागलात की तिथला प्रत्येकजण मनातल्या मनात आपापल्या घरी जाऊन बघून येत होता. मी सोडून. मी, जिला शिवण्णाचा संशय, नागश्रीचा संशय, औषध कंपन्यांचा, पेशंटांच्या नातेवाइकांचा, तुमच्या दवाखान्याच्या गुरख्याचासुद्धा संशय. मला माझ्या घराची शंका एकदाही आली नाही. जयम्मा उठल्या, माझ्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी त्यांच्या कपातली निम्मी कॉफी माझ्या कपात ओतली. मग शिवण्णाने विचारलं, साहेबांना आता कोण बघणार.

ते काम मी करू शकत नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक वयस्कर डॉक्टर आहेत, माझ्यापेक्षा सीनियर. त्यांच्याबद्दल मी आयुष्यात एकदाही बरं बोलले नाही, पण माणूस कामाचा आहे. काल श्रीकांतला घेऊन त्यांच्याकडे गेले. मीही आत जायला निघाले. डॉक्टर दारात उभे राहून म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा." मी त्यांना सांगणार होते की मी कोण आहे. ते त्यांना माहीत होतं. मी बाहेर बसले.

पेशंटचे नातेवाईक बसतात तिथे मी पहिल्यांदाच बसले होते. आत दार लावून बराच वेळ काहीतरी चाललं होतं. मधे एकदा श्रीकांतचा आवाज आला, मग काहीच आला नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी काय झालं म्हणून विचारलं नाही. विचारावंसं फार वाटलं, अण्णा. गाडीत बसेपर्यंत वाटत होतं. मी त्याचा हात धरला, आणि तो सोडवून न घेता तसाच खिडकीतून बाहेर बघत बसला.

तुम्ही असतात तर घरी आल्या आल्या तुम्हाला फोन केला असता, आत काय बोलला ते सांगा म्हणून हट्ट धरला असता. आणि तुम्ही सांगितलं नसतंत.